रक्तवाहिन्या व रक्तदाब

वाहत्या रक्ताचा रक्तवाहिन्यांच्या भित्तींवर पडणारा दाब म्हणजे रक्तदाब. व्यवहारात ‘बीपी’ म्हणतात तो फक्त दंडातील रोहिणीतला दाब. शरीरात तो जागोजागी वेगळा असतो. निरोगी प्रौढाच्या महारोहिणीत हृदय आकुंचन पावताना तो सुमारे १२० आणि शिथिल होताना ८० मिमी. पारा असतो. केशवाहिन्यांच्या सुरुवातीला ३५च्या आसपास उरतो आणि महानीला उजव्या अलिंदाला मिळते तिथे जवळजवळ शून्यावर येतो.

सर्वांत मोठा उतार पडतो तो रोहिणिकांमध्ये. रोहिणीच्या या बारीक शाखांच्या भित्तीत अनैच्छिक स्नायूंचा थर असतो आणि तो आवळला की वाट अरुंद होते. फ्रेंच वैद्य प्वाझय यांच्या नियमानुसार नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा विरोध सोळापट वाढतो. रक्त काही पाण्यासारखे साधे द्रव नव्हे, तरी नियमाचा रोख खरा आहे. दाब वाढला की दोष हृदयाला देण्याची रीत आहे. पुष्कळदा कारण या वाहिन्यांत असते. ॲम्लोडिपिनसारखी गोळी त्यांच्या स्नायूंत शिरणारे कॅल्शियम अडवून त्यांना सैल करते.

केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की सात-आठ मायक्रोमीटरच्या तांबड्या पेशीला अनेक ठिकाणी अंग मुडपूनच पुढे सरकावे लागते. हार्वी यांनी १६२८ मध्ये रुधिराभिसरण मांडले, पण रोहिण्या व नीला यांना जोडणारा केशवाहिन्यांचा हा दुवा त्यांना दिसला नव्हता. १६६१ मध्ये माल्पीगी यांनी तो बेडकाच्या फुप्फुसात दाखवला. नीलांच्या भित्ती पातळ असतात. शरीरातले निम्म्याहून अधिक रक्त त्यांत असते आणि पायांतून ते वर चढते ते झडपा व पोटऱ्यांच्या स्नायूंच्या जोरावर.

रक्तदाब प्रथम मोजला स्टीव्हन हेल्स या इंग्रज पाद्र्याने. घोडीच्या रोहिणीला जोडलेल्या काचनळीत रक्त आठ फुटांहून उंच चढल्याचे त्याने १७३३ मध्ये प्रसिद्ध केले. दंडाला गुंडाळायचा पट्टा रिव्हा-रोची यांचा (१८९६), पण त्यावरून वरचाच आकडा नीट मिळे. खालचा आकडा भरवशाने मिळू लागला तो १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकल्यावर. दवाखान्याचा जिना चढून आल्या आल्या, बाहीवरूनच पट्टा बांधून घेतलेल्या मोजणीवर विसंबू नये. पाच मिनिटे बसून, न बोलता, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवून मोजावे. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबला तरी आकडा सात-आठने वाढतो. अरुंद पट्टाही तो फुगवून दाखवतो.