सोळा ऑगस्टचे सोळा प्रेक्षक

स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा ओसरल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १९४६ साल अवतरतं. १६ ऑगस्ट, मुस्लिम लीगचा ‘डायरेक्ट अ‍ॅक्शन डे’, कलकत्ता, रस्त्यावरची प्रेतं. पाठवणारा जुना दोस्त आहे, मनाने वाईट नाही. पण मेसेजचा रोख कुणाकडे आहे, हे ग्रुपमधल्या आम्हा तिघा मुसलमानांना न सांगता कळतं. गेल्या वर्षी मी त्याखाली लिहिलं की याच तारखेला, याच शहरात १९८० साली सोळा माणसं मेली, फुटबॉल बघायला आलेली. लगेच प्रश्न आला, “हिंदू की मुसलमान?”

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल कळायला लागण्याआधी तालीम कळते. पेठेची इज्जत मैदानात उतरते म्हणजे काय, हे मी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर शिकलो. त्यामुळे ईस्ट बंगाल आणि मोहन बागान हे वैर मला समजावून सांगावं लागत नाही. एका बाजूला पूर्व बंगालातून उठून आलेल्यांची मुलं-नातवंडं, दुसऱ्या बाजूला मूळचे पश्चिम बंगाली. फाळणीनंतर ज्यांचं घरदार गेलं, त्यांना हा क्लबच गावाच्या जागी होता.

सॉल्ट लेकचं मोठं स्टेडियम १९८४ साली झालं. त्याआधीचे मोठे सामने क्रिकेटच्या ईडन गार्डन्सवरही व्हायचे. १६ ऑगस्ट १९८०, शनिवार, कलकत्ता लीगचा सामना. दोन्ही बाजूंचे समर्थक एकाच स्टँडमध्ये मांडीला मांडी लावून बसलेले. दुसऱ्या डावात बागानचा लेफ्ट विंगर बिदेश बसू याला ईस्ट बंगालच्या दिलीप पालितने पाडलं, बिदेशने उलटून हात उगारला आणि रेफ्रीने दोघांनाही बाहेर काढलं. मैदानात असं दर मोसमात होतं. पण वर स्टँडमध्ये हाणामारी पेटली. विटा-दगड आले, लोक जिन्यांकडे पळाले, पडलेल्यांच्या अंगावरून मागचे गेले. काहींनी वरून उड्या टाकल्या. सोळा जण मेले, त्यांत बरेच तरुण. त्या वर्षीची लीग अर्धवट सोडून देण्यात आली.

पालितला आणि बिदेशला वर्षानुवर्षं या मरणांशी जोडलं गेलं. मला ते पटत नाही. फाऊल मैदानात झाला; माणसं मेली ती जिथे बसवली होती तिथे. हट्टाला पेटलेल्या दोन गर्दींना एकाच स्टँडमध्ये कोंबायचं आणि पळायला अरुंद जिने ठेवायचे, हा निर्णय खेळाडूंचा नव्हता.

पण मग ही गोष्ट आमच्या घरात कधीच कशी निघाली नाही? अब्बा तर पेपरमधलं फुटबॉलचं पान आधी वाचणारे. उत्तर कॅलेंडरमध्ये सापडलं. तीनच दिवस आधी, १३ ऑगस्टला ईद होती आणि त्या दिवशी मुरादाबादच्या ईदगाहवर पीएसीने गोळीबार केला होता. नमाजाला गेलेली माणसं गोळ्यांनी मेली, चेंगराचेंगरीत मेली. लहान मुलंही. आमच्या घरात ऑगस्ट १९८० म्हणजे मुरादाबाद. त्या आठवड्यात कलकत्त्याच्या सोळा घरांसाठी रडायला आमच्याकडे जागा उरली नसावी. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. आपलं दुःख मोठं असलं की दुसऱ्याचं दिसत नाही, आणि ही सवय फक्त त्या ग्रुपवाल्या दोस्तालाच आहे असं मी कशाला म्हणू?

१९४६ बद्दल मला काही झाकायचं नाही. लीगची ती सभा ज्या ऑक्टरलोनी मनोऱ्यापाशी भरली, तो आताचा शहीद मिनार, ईडनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सरकार सुऱ्हावर्दींचं होतं, त्या दिवशी सुट्टी त्यांनीच दिली होती आणि पुढच्या काही दिवसांत हजारो माणसं कापली गेली, हिंदू आणि मुसलमानही. त्याचा जाब मागायलाच हवा. पण २०२१ साली ममता बॅनर्जींनी १६ ऑगस्ट हा ‘खेला होबे दिवस’ जाहीर केला, तेव्हा भाजपने १९४६ काढलं आणि तृणमूलने उत्तरादाखल १९८० पुढे केलं. ‘खेला होबे’ ही तर त्यांची निवडणुकीतली घोषणा! एकाच्या हातात हजारोंची मढी, दुसऱ्याच्या हातात सोळांची.

या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून बंगालचं फुटबॉल हा दिवस फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळत आलं आहे. इंडियन फुटबॉल असोसिएशन, म्हणजे नाव देशाचं असलं तरी बंगालचीच संघटना, त्या दिवशी रक्तदान शिबिर भरवते. मला ही रीत आवडते. बाटलीवर गट लिहिलेला असतो, क्लब नाही.

ग्रुपवरच्या त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. यंदाच्या हंगामात पुतण्याला घेऊन शाहू स्टेडियमवर गेलो, तेव्हा सामना सुरू व्हायच्या आधी त्याला बाहेर पडायची वाट दाखवली. तो म्हणाला, “चाचा, आत्ताच आलोय आपण.”