स्टॅन्ले हॉटेल : वास्तू आणि आख्यायिका

कोलोरॅडोतील एस्टेस पार्क येथील स्टॅन्ले हॉटेलात येणाऱ्या प्रवाशांचे कुतूहल बहुधा २१७ क्रमांकाच्या खोलीभोवती एकवटलेले असते. या कुतूहलाचा उगम तपासण्याजोगा आहे.

वाफेच्या मोटारीचे निर्माते फ्रीलन ऑस्कर स्टॅन्ले १९०३ मध्ये क्षयामुळे हवापालटासाठी तेथे आले. प्रकृती सुधारल्यावर त्यांनी हे हॉटेल बांधविले. ते १९०९ मध्ये सुरू झाले. १९११ मध्ये दिव्यांच्या गॅसचा स्फोट होऊन एक सेविका जखमी झाली. मात्र तीत तिचा अंत झाला नाही. पुढे १९७४ मध्ये, हंगाम संपत असता, कादंबरीकार स्टीफन किंग सपत्नीक २१७ मध्ये उतरले. त्या निर्जन वास्तूच्या अनुभवातून स्फुरलेली ‘द शायनिंग’ ही कादंबरी १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतील हॉटेल काल्पनिक आहे. १९८० चा क्यूब्रिककृत चित्रपटही येथे चित्रित झालेला नाही.

तथापि, स्फोटातून वाचलेली ती सेविकाच आज त्या खोलीतील भूत म्हणून सांगितली जाते. आख्यायिकेतून वाङ्मय निर्माण होते, असा सामान्य समज आहे. येथे वाङ्मयाने दिलेल्या कीर्तीमुळे जुन्या अपघाताला आख्यायिकेचे बळ लाभले. म्हणून अशा स्थळांच्या इतिहासात घटना केव्हा घडली याइतकेच, ती भूतकथा म्हणून केव्हा रूढ झाली, हेही पाहावयास हवे.