खाजकुयली, सर्पगंधा आणि कंपवात

पावसाळा सरला की नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ पट्ट्यात, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या बाजूला, झुडपांवर आणि कुंपणांवर खाजकुयलीचा वेल चढलेला दिसतो. आधी जांभळ्या फुलांचे घोस येतात आणि थंडीत सोनेरी लव असलेल्या वाकड्या शेंगा लटकू लागतात. ही लव अंगाला लागली की काय होते, ते रानात गुरे राखलेल्या कोणालाही विचारावे. संस्कृतात या वेलाला कपिकच्छू म्हणतात, म्हणजे माकडाला खाज आणणारी. आणि आत्मगुप्ता म्हणतात, म्हणजे स्वतःचे रक्षण स्वतः करणारी. शेंगेतले बी काष्ठौषधींच्या दुकानात कवचबीज या नावाने मिळते.

या बियांबद्दल एक वाक्य व्याख्यानांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून वारंवार कानी येते : पार्किन्सन्सवरचे औषध आपल्या पूर्वजांना हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होते, पाश्चात्त्यांनी ते नंतर शोधले. दुसऱ्या टोकाचे वाक्यही तितक्याच ठामपणे बोलले जाते : ग्रंथांत काहीच नव्हते, जे आहे ते प्रयोगशाळेतले. मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. जुने ग्रंथ आणि जुनी शोधनियतकालिके शेजारी ठेवून वाचण्याचा नाद एवढेच माझे भांडवल. पण तारखा ओळीने मांडल्या की दोन्ही वाक्ये तोकडी पडतात, आणि या प्रकरणात एक दुसरीच वनस्पती मध्यभागी येऊन उभी राहते.

आधी ग्रंथ पाहू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताच्या ८० विकारांची यादी आहे आणि तिच्यात वेपथू, म्हणजे कंप, हा शब्द आहे. माधवनिदानात सर्वांगाला आणि डोक्याला कंप सुटणे या लक्षणाला हेच नाव दिले आहे. म्हणजे विकार पाहिला गेला होता, त्याला नावही होते. कपिकच्छूही ग्रंथांत आहे. पण तिची मुख्य ओळख बळ वाढवणारी, वात शमवणारी आणि वाजीकर अशी आहे. माषबलादी काढ्यात ती येते. तो काढा पक्षाघात, मान आखडणे अशा तक्रारींवर सांगितलेला आहे. वातशामक म्हणून ती कंपाच्या रुग्णाला दिली गेली असेलच. मात्र वातावर उपयोगी असलेल्या अनेक द्रव्यांपैकी ती एक होती. त्या सगळ्यांतून नेमकी हीच कंपावर का लागू पडते, हा प्रश्न कोणी वेगळा काढलेला दिसत नाही.

लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या विकारावर निबंध लिहिला, तोही अवघ्या सहा रुग्णांच्या आधारे. त्यांतले काही तर त्याने रस्त्यात पाहिलेले होते. त्याने वर्णन उत्तम केले. औषध त्याच्याकडेही नव्हते.

१९१३ साली बाझल येथे मार्कुस गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञाने युरोपातल्या एका घेवड्यासारख्या शेंगेतून एक द्रव्य वेगळे केले. आज आपण त्याला लेव्होडोपा म्हणतो. त्याने ते अडीच ग्रॅम स्वतः खाऊन पाहिले, त्याला उलट्या झाल्या. हे द्रव्य निरुपयोगी आहे असा समज झाला. पुढे १९३७ साली मद्रासचे दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुयलीच्या बियांतून तेच द्रव्य काढून दाखवले. ‘बायोकेमिकल जर्नल’मधला त्यांचा निबंध जेमतेम चार पानांचा आहे. कंपवाताशी त्याचा संबंध त्यांनी जोडला नाही, आणि जोडणे शक्यही नव्हते. मेंदूत डोपामाइन नावाचे काही काम करते, हेच तेव्हा जगात कोणाला माहीत नव्हते.

१९३७ साली अशी स्थिती होती : विकाराचे नाव ग्रंथात, वेल रानात, बियांतले द्रव्य बाटलीत. तिन्ही गोष्टी याच देशात होत्या आणि तिघींची एकमेकींशी ओळख नव्हती.

ती ओळख सर्पगंधेने करून दिली. या झुडपाचे मूळ आपल्याकडे वेड, निद्रानाश आणि सर्पदंश यांवर पूर्वापार वापरात होते. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते उन्माद आणि वाढलेला रक्तदाब यांवर उपयोगी असल्याचे लिहिले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर केलेली चाचणी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली आणि सर्पगंधा जगभर गेली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळीतला रेसरपीन हा घटक वेगळा केला. हे औषध मनोरुग्णांना मोठ्या मात्रेत देऊ लागल्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. काहींचे हात थरथरू लागले, चेहरा निर्विकार झाला, हालचाल मंदावली. औषधाने हुबेहूब कंपवात उभा केला होता.

स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसरपीन टोचले. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना डोपा टोचले आणि काही मिनिटांत ससे उठून हिंडू लागले. मेंदूतले डोपामाइन रेसरपीनमुळे संपते आणि डोपामुळे ते पुन्हा तयार होते, हे यातून पुढे आले. १९६० साली व्हिएन्नात हॉर्निकीविच यांनी कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात डोपामाइन फारच कमी आढळले. पुढच्याच वर्षी बिर्कमायर यांच्यासह त्यांनी रुग्णांना लेव्होडोपा टोचले. अंथरुणाला खिळलेले रुग्ण काही तासांपुरते उठून चालू लागले. १९६७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रूकहेवन येथे कोटझियास यांनी १६ रुग्णांना तोंडावाटे डोपा देत मात्रा हळूहळू खूप वाढवत नेली आणि उपचार रोजच्या वापरात येण्याची वाट मोकळी झाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

कंप आणणारी एक भारतीय वनस्पती आधी कळली, तेव्हा कुठे कंप थांबवणाऱ्या दुसरीचा अर्थ लागला. आणि हा अर्थ परदेशात लागून झाल्यावर मुंबईत तो वेलापर्यंत परत आणला गेला. डॉ. अशोक वैद्य, मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी खाजकुयलीच्या बियांचा कंपवाताच्या रुग्णांवरचा वापर १९७८ साली ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त मांडला. मद्रासच्या निबंधाला तोवर ४१ वर्षे झाली होती. त्या ४१ वर्षांत किती माणसे थरथरत गेली असतील, याचा हिशेब कोणत्याही नियतकालिकात सापडणार नाही.

पुढचा टप्पा १९९५ चा. या बियांच्या एचपी-२०० नावाच्या भुकटीची चाचणी अनेक केंद्रांवर ६० रुग्णांवर १२ आठवडे झाली. साडेसात ग्रॅमची पुडी पाण्यातून दिवसाकाठी तीन ते सहा वेळा दिली जाई. रुग्णांत लक्षणीय सुधारणा झाली. मात्र ही खुली चाचणी होती. आपण काय घेतो ते रुग्णाला माहीत होते, काय देतो ते डॉक्टरला माहीत होते, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. कंपवातात ही उणीव फार मोठी ठरते. व्हँकुव्हरच्या संशोधकांनी २००१ साली ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले की, औषध मिळाले या नुसत्या अपेक्षेनेही या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन स्रवते. इथे विश्वास स्वतःच थोडे औषध असतो. खऱ्या औषधाचा गुण त्यातून वेगळा काढायचा, तर दोन्ही बाजूंच्या डोळ्यांवर पट्टी हवी.

तशी चाचणी लंडनमध्ये झाली आणि २००४ साली प्रसिद्ध झाली. रुग्ण फक्त आठ. ३० ग्रॅम भुकटीचा गुण सरासरी ३५ मिनिटांत दिसला, नेहमीच्या गोळीला ६८ मिनिटे लागली. गुण टिकलाही सुमारे ३७ मिनिटे जास्त. हे आकडे अभिमानाने सांगितले जातात. त्याच निबंधातले दुसरे आकडे मागे राहतात. त्या ३० ग्रॅममध्ये सुमारे १००० मिलिग्रॅम लेव्होडोपा होते आणि गोळीत २००. गोळीत कार्बिडोपा हे जोडद्रव्यही असते. ते लेव्होडोपाला मेंदूत पोचण्याआधी वाटेत खर्च होऊ देत नाही, म्हणून कमी मात्रा पुरते आणि उलट्या आटोक्यात राहतात.

लेव्होडोपा न परवडणाऱ्या रुग्णांसाठी ही भुकटी चालेल का, हे पाहण्यासाठी चिलिया आणि सहकाऱ्यांनी बोलिव्हियात १८ रुग्णांवर पट्टी बांधून चाचणी केली. एकेका मात्रेचा निकाल चांगला होता. तो २०१७ साली छापून आला. मग रोजच्या वापराची १६ आठवड्यांची चाचणी १४ रुग्णांवर झाली. भुकटी सुरू असताना सात जणांनी ती मधेच सोडली. चौघांनी पोटाच्या त्रासामुळे, तिघांनी हालचाल बिघडत गेल्यामुळे. गोळी सुरू असताना एकानेही सोडली नाही. २०१८ सालचा हा निकाल फिरत्या संदेशांत मी कधी वाचला नाही.

हा इतिहास सांगण्याची निकड आजच्या रुग्णासाठी आहे. दुकानातल्या सुट्या भुकटीत लेव्होडोपा किती, हे पुडीवर लिहिलेले नसते, आणि ते बियाण्यागणिक बदलते. गोळी चालू ठेवून वर भुकटी घेणारा एकाच औषधाच्या दोन मात्रा घेत असतो. भुकटीवर भरवसा ठेवून गोळी एकदम बंद करणारा तर जिवावरचे संकट ओढवून घेतो. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ म्हणणाऱ्याने रेसरपीन कुठून आले, ते आठवावे.

उलट बाजूने, भुकटीला हसणाऱ्यांनीही ते लंडनचे ३५ मिनिटांचे आकडे विसरू नयेत. औषधाचा गुण उतरल्यावर खुर्चीत थिजून पुढच्या मात्रेची वाट पाहणाऱ्या माणसाला अर्धा तास फार मोठा असतो.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकमध्ये आहे. एमबीबीएस आणि बीएएमएस या दोन्ही पदव्या हेच विद्यापीठ देते. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि वेल तासा-दोन तासांच्या अंतरावर उगवतो. मात्रा मोजलेली भुकटी, सोबत कार्बिडोपा, दोन्ही बाजूंच्या डोळ्यांवर पट्टी आणि आठ-चौदा नव्हे तर काहीशे रुग्ण, अशी चाचणी घ्यायला याहून सोयीची जागा मला तरी दिसत नाही. निकाल भुकटीच्या बाजूने लागो वा विरुद्ध, तो पूर्ण छापला जावा. वेल, शब्द आणि द्रव्य एकमेकांना न ओळखता या देशात पडून होते, तेवढी वर्षे पुन्हा घालवण्याचे कारण आता उरलेले नाही.