पायाखालची प्रतिमा

सतराव्या शतकातल्या जपानमध्ये ख्रिस्ती धर्म सोडणाऱ्याकडून शपथपत्र लिहून घेत. ती शपथ घ्यायची होती पिता, पुत्र, पवित्र आत्मा आणि सांता मारिया यांच्याच नावानं! शपथ मोडली, तर येशूचा घात करणाऱ्या यहूदा इस्कर्योतची गत होवो. ज्या देवाला सोडायचं, त्यालाच साक्षीला बोलवायचं. हा मजकूर वाचल्यापासून माझी खात्री झाली की, ‘फुमि-ए’चं कूळही इथेच शोधायला हवं.

फुमि-ए म्हणजे तुडवायची प्रतिमा: येशू किंवा मरियेची. जो पाय ठेवील तो सुटला, जो अडखळेल तो ख्रिस्ती.

आधीचा इतिहास सर्वज्ञात आहे. 1548 मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आंजिरो या जपानी माणसाला सोबत घेऊन मिशनरी फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये कागोशिमाला उतरला. 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली.

मग ही युक्ती कुणाची? काही जण ती पाद्री फेरेराच्या नावावर टाकतात. खड्ड्यात उलटं टांगल्यावर त्यानं धर्म सोडला आणि पुढे तो ‘सावानो चुआन’ झाला. पण हे घडलं 1633 मध्ये, आणि नागासाकीत प्रतिमा तुडवून घेणं 1620 च्या दशकाअखेर सुरू झालं होतं. तारखाच हा दावा खोडतात.

दुसरं मत श्रेय नागासाकीच्या अधिकाऱ्यांना देतं. हुकूम त्यांचा, हे मान्य. पण साधन कुणाचं? सुरुवातीला कागदावरची चित्रं, नंतर भाविकांकडून जप्त केलेली धातूची पदकं लाकडी फळ्यांत बसवलेली. हागिवारा युसा या ओतारीनं 20 पितळी प्रतिमा ओतल्या, त्या थेट 1669 मध्ये. म्हणजे पहिली चाळीसेक वर्षं माणसं भक्तीसाठी घडवलेल्या वस्तूच तुडवत होती.

साधनच नव्हे, त्यामागचा विचारही मिशनऱ्यांचाच, असं माझं ठाम मत आहे. प्रतिमेला वंदन करावं, हे त्यांनीच शिकवलं होतं. ज्याला तो नुसता धातूचा तुकडा वाटतो, त्याच्यापुढे ही परीक्षा लुळी पडते. 1566 मध्ये नेदरलँड्समधल्या प्रोटेस्टंटांनी तर श्रद्धेपोटीच चर्चमधल्या मूर्ती फोडल्या होत्या. तिथे फुमि-एनं काय सिद्ध झालं असतं?

पुढे नागासाकीत हा नववर्षाचा विधीच झाला. मारुयामा या वस्तीतल्या गणिका त्यासाठी नटूनथटून येत, बघ्यांची गर्दी उसळे. ‘एफुमी’, म्हणजे तुडवण्याची क्रिया, हा शब्द हायकूत वसंताचा ऋतुसूचक म्हणून रुळला. 1858 च्या सुमारास प्रथा संपली.

तुडवणाऱ्या सगळ्यांनी धर्म सोडला होता का? मुळीच नाही. 1603 च्या एका पुस्तिकेत ‘कोंचिरिसान’ शिकवलं होतं. पोर्तुगीज ‘कोंत्रिसांव’वरून आलेला हा शब्द म्हणजे मनापासूनचा पश्चात्ताप. पाद्री जवळ नसला, तरी त्यानं पाप धुतलं जातं, अशी शिकवण. गुप्त ख्रिस्ती प्रतिमेवर पाय देऊन घरी येत आणि कोंचिरिसानची प्रार्थना म्हणत. 1865 मध्ये त्यांचे वंशज नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये फादर पेतिजाँपुढे आपली श्रद्धा उघड करत उभे राहिले. धर्मत्यागाची परीक्षा सत्तेनं चर्चच्याच भांडारातून उचलली होती. गावकऱ्यांनी तिच्यावरचा उताराही त्याच भांडारातून काढला.