माईक पुढच्या पिढीच्या हाती

१९८९ मध्ये स्पाइक ली यांच्या 'डू द राइट थिंग' या चित्रपटासाठी पब्लिक एनिमी या कृष्णवर्णीय रॅप गटाने 'फाइट द पॉवर' हे गाणे केले. त्या चित्रपटात पोलीस एका कृष्णवर्णीय तरुणाचा गळा आवळून जीव घेतात. ३१ वर्षांनी, मे २०२० मध्ये, मिनियापोलिसच्या रस्त्यावर जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. व्यवस्था तीच राहिली.

त्याच सप्टेंबरमध्ये गटाचा नवा अल्बम आला. पाहुणे कलाकार भरपूर: सायप्रेस हिल, जॉर्ज क्लिंटन, आइस-टी. पाहुण्यांच्या नावावर अल्बम खपवला, असे कोणी म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. साठीतल्या चक डी यांनी आपले सर्वांत गाजलेले गाणेच नव्या कडव्यांसाठी नास, रॅप्सडी, वायजी यांच्यासमोर ठेवले. मूळ गाण्यात रॅप करणारी स्त्री नव्हती. इथे रॅप्सडी आहे.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. मग त्या लढ्याकडून हेही शिकूया. जयंतीच्या स्टेजवरचा माईक तरुण मुलामुलींच्या हाती आपण कधी देणार?

जयभीम!