फुटबॉल-निष्ठा, स्थलांतरितांची (पुणे व वाघोली परिसर)

एका प्रदेशातून किंवा देशातून दुसरीकडे वस्तीला गेलेल्या लोकांची मूळ ठिकाणच्या आणि नव्या ठिकाणच्या फुटबॉल संघांविषयीची दुहेरी बांधिलकी. ही नोंद पुणे शहर आणि त्याच्या पूर्वेचे वाघोली उपनगर यांपुरती आहे. कोल्हापुरातील पेठा व तालमींच्या संघांची चुरस हा स्वतंत्र विषय आहे. तेथे माणसाचा संघ तो ज्या पेठेत जन्मला तिच्यावरून ठरतो. स्थलांतराचा प्रश्न उद्भवत नाही.

व्यापक संदर्भ : ६ ऑक्टोबर २००१ रोजी पॅरिसजवळच्या साँ-द्नी येथे फ्रान्स व अल्जीरिया यांचा सामना ७६व्या मिनिटाला थांबवावा लागला. फ्रान्स ४–१ ने पुढे होता आणि अल्जीरियन वंशाचे तरुण प्रेक्षक मैदानात उतरले होते. फ्रान्सच्या संघात त्या दिवशी अल्जीरियन आई-वडिलांचा मुलगा झिनेदिन झिदान होता. २५ जून २०११ रोजी पासाडेना येथे अमेरिकेने मेक्सिकोविरुद्ध २–० ची आघाडी घेऊन ४–२ ने सामना गमावला. यजमान अमेरिका होती, पण प्रेक्षागार बहुतांशी मेक्सिकोचे होते. ब्रिटनमध्ये नॉर्मन टेबिट यांनी १९९० मध्ये क्रिकेटच्या संदर्भात अशी कसोटी सुचवली, की स्थलांतरित कोणत्या संघाच्या बाजूने ओरडतो यावरून तो नव्या देशात किती मिसळला हे कळावे. पुण्याचा अनुभव पाहता ही कसोटी अपुरी ठरते. ती फक्त येणाऱ्याची परीक्षा घेते. आलेल्याला आपला म्हणता येईल असा संघ त्या ठिकाणी उभा आहे की नाही, हे ती विचारत नाही.

भारतातील सर्वांत जुने आणि सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण कोलकात्याचे. १९२० मध्ये स्थापन झालेला ईस्ट बंगाल क्लब पूर्व बंगालमधून आलेल्यांचा, विशेषतः १९४७ नंतरच्या निर्वासितांचा आधार बनला. मोहन बागान मूळच्या पश्चिम बंगालकरांचा मानला गेला. गोव्यात हा प्रश्न पोर्तुगालच्या निमित्ताने येतो. मुक्तीच्या साठाव्या वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, कळंगुट येथे क्रिस्तियानो रोनाल्डोचा पुतळा बसवल्यावर काळे झेंडे दाखवले गेले. दोन्ही विषय येथे विस्ताराने घेतलेले नाहीत.

पुण्याची पार्श्वभूमी : फुटबॉल पुण्यात लष्करासोबत आले. कॅम्प आणि खडकी भागांतील गोवेकर व अँग्लो-इंडियन कुटुंबांनी ते टिकवले.

पुणे फुटबॉल क्लब (२००७–२०१५) : या विषयातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये क्लब स्थापन केला. दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळवून २००९–१० च्या आय-लीगमध्ये तो पहिल्याच हंगामात तिसरा आला आणि २०१२–१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागे उपविजेता ठरला. घरचे मैदान बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारले गेले होते.

हा संघ स्वतःच स्थलांतरितांचा होता. २००९ ते २०१३ या काळातील प्रशिक्षक डेरिक परेरा गोव्याचे. आघाडीला खेळणारा जेजे लालपेखलुआ मिझोरमचा. मध्यफळीत अराता इझुमी जपानहून आलेला. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवा आणि काही हल्ल्यांमुळे ईशान्य भारतातील अनेक विद्यार्थी व कामगार पुणे सोडून रेल्वेने परत गेले. त्याच वर्षीच्या हंगामात ईशान्येचा एक तरुण पुण्याच्या जर्सीत खेळत होता आणि पुणे लीगच्या वरच्या टोकाला होते. शहराच्या इतिहासात या दोन गोष्टी शेजारीशेजारी लिहिल्या गेल्या पाहिजेत. क्लब आणखी वीस वर्षे टिकला असता, तर ईशान्येकडच्या मुलांना पुण्याविषयी जे वाटले असते ते आज वाटते त्यापेक्षा वेगळे असते, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

क्लबची अकादमीही उल्लेखनीय होती. कोल्हापूरचा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतून व या अकादमीतून पुढे आला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला.

अराता इझुमी आणि नागरिकत्वाचा प्रश्न : जन्म १९८२, शिमोनोसेकी, जपान. वडील गुजराती वंशाचे, आई जपानी. २००६ मध्ये ईस्ट बंगालकडून खेळण्यासाठी तो भारतात आला, पुढे मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये गेला आणि २००९ ते २०१४ पर्यंत पुण्याकडून खेळला. चेंडू पायाशी स्थिर ठेवणे, पास देण्याआधीच पुढची जागा हेरणे आणि दूरवरून अचूक फटका ही त्याची वैशिष्ट्ये. ज्यांनी त्याला बालेवाडीत पाहिले त्यांना त्या काळच्या आय-लीगमध्ये असा खेळाडू किती दुर्मिळ होता हे सांगावे लागणार नाही.

भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही आणि राष्ट्रीय संघात फक्त भारतीय पासपोर्टधारकाला घेता येते. अरातासमोर सरळ निवड होती : जन्माच्या देशाचा पासपोर्ट ठेवावा किंवा वडिलांच्या देशासाठी खेळावे. २०१२ मध्ये त्याने जपानी नागरिकत्व सोडले आणि भारतीय कागदपत्रांवर नीलकंठ खंभोळजा हे नाव घेतले. २०१३ मध्ये, तिशी ओलांडल्यावर, तो भारताकडून पहिला सामना खेळला. वाट्याला मोजकेच सामने आले. फुटबॉलपटूची उमेदीची वर्षे पंचविशीच्या आगेमागे असतात. त्यातली बरीचशी या निर्णयापर्यंत पोहोचण्यात गेली. प्रेक्षागारातल्या माणसाला एकाच वेळी दोन संघ मनात ठेवता येतात. खेळाडूला कायदा ती मुभा देत नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेला, पंजाबी वंशाचा मायकेल चोप्रा भारताकडून खेळण्याची इच्छा जाहीर करूनही कधी खेळू शकला नाही. २०२५ मध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारतीय पासपोर्ट घेतला. त्याच्या आईचे घराणे मुंबईच्या अँग्लो-इंडियन समाजातले. परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंना राष्ट्रीय संघाची दारे उघडावीत की नाही, यावर मतभेद आहेत.

याची दुसरी बाजू पुण्यातच दिसली. महिलांच्या आशियाई चषकात ३० जानेवारी २०२२ रोजी बालेवाडीत फिलिपीन्सने चिनी तैपेईला १–१ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर ४–३ ने हरवले आणि प्रथमच विश्वचषकात प्रवेश मिळवला. त्या संघातील बहुतेक खेळाडू अमेरिकेत जन्मलेल्या किंवा वाढलेल्या होत्या. निर्णायक पेनल्टी मारणारी सरीना बोल्डन त्यांपैकीच. आई-वडिलांच्या देशासाठी खेळताना त्यांना अमेरिकेचा पासपोर्ट टाकावा लागला नाही.

भारत–नेपाळ : पुण्यात राष्ट्रीय पातळीवरची विभागलेली निष्ठा पाहायची, तर हा सामना पाहावा. १९५० च्या मैत्री करारानुसार नेपाळी नागरिक भारतात व्हिसाविना राहू आणि काम करू शकतात. पुण्यातील उपाहारगृहे, बेकऱ्या आणि गृहसंकुलांची सुरक्षा यांत नेपाळी माणूस पिढ्यान्‌पिढ्या आहे. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी बालेवाडीत भारत व नेपाळ यांचा मैत्रीपूर्ण सामना ०–० असा सुटला. नेपाळमधील एप्रिलच्या भूकंपाला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. भारताच्या दृष्टीने तो इराणविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्याची पूर्वतयारी होती आणि वृत्तान्तांत त्याला तेवढीच जागा मिळाली. पुण्यात रात्रपाळी करणाऱ्या नेपाळी माणसाला आपल्या देशाचा संघ बसच्या तिकिटात पाहता आला, ही त्या सामन्याची खरी नोंद आहे.

सुनील छेत्री हा या प्रश्नाचा सर्वांत मोठा धडा. जन्म सिकंदराबादचा, वडील भारतीय लष्करात, घराणे नेपाळी भाषक. आई आणि तिची जुळी बहीण या दोघी नेपाळच्या महिला संघाकडून खेळलेल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये बालेवाडीत भारताने व्हिएतनामला ३–१ ने हरवले तेव्हा तिन्ही गोल छेत्रीचे होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये माले येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत नेपाळविरुद्धच्या साखळी सामन्यात त्याच्या एकमेव गोलने भारत जिंकला आणि त्या गोलने त्याने पेलेच्या ७७ आंतरराष्ट्रीय गोलांशी बरोबरी साधली. १६ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा नेपाळच समोर होता. भारत ३–० ने जिंकला, पहिला गोल छेत्रीचा. आईच्या देशाविरुद्ध मुलाने केलेल्या या गोलांची चर्चा भारतात विक्रमांपुरतीच झाली. दार्जिलिंग, डेहराडून किंवा पुण्यातील भारतीय गोरख्याला मात्र ‘तू नेपाळचा का?’ हा प्रश्न रोजचा आहे, आणि छेत्रीच्या कर्णधारपदाने त्याला जे उत्तर दिले ते कोणत्याही ओळखपत्रापेक्षा वजनदार होते.

एफसी पुणे सिटी (२०१४–२०१९) : इंडियन सुपर लीगमधील संघ. पाठीराख्यांचा गट ‘ऑरेंज आर्मी’. पहिल्या हंगामात डेव्हिड त्रेझेगे खेळला. तो अर्जेंटिनात वाढला आणि फ्रान्सकडून १९९८ चा विश्वचषक जिंकलेल्या संघात होता. मुंबई सिटीविरुद्धचे सामने महाराष्ट्राची डर्बी म्हणून गाजवले गेले, पण बालेवाडीत सर्वांत बोलका दिवस केरळ ब्लास्टर्स येण्याचा असे. हिंजवडी, पिंपरी-चिंचवड, खडकी येथील मल्याळी कुटुंबे पिवळ्या जर्सीत येत आणि ‘मंजप्पडा’ या पाठीराख्यांच्या गटाचे ढोल यजमानांच्या बाजूपर्यंत ऐकू येत. यावर काही पुणेकर नाराज होत. ही नाराजी गैरसमजातून होती. त्यातले बरेच लोक पुण्यात घर घेतलेले, पुण्यात कर भरणारे, मुले पुण्याच्या शाळेत घालणारे होते. ब्लास्टर्सविरुद्धचा सामना सोडून उरलेल्या दिवशी त्यांना नारिंगी स्टँडमध्ये बसवणे हे क्लबचे काम होते आणि त्याला पाच हंगाम मिळाले.

२०१७–१८ मध्ये संघ उपान्त्य फेरीत पोहोचला. पुण्यात ०–० झाल्यावर बंगळुरूत छेत्रीच्या तीन गोलांपुढे तो ३–१ ने हरला. २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे क्लब बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली.

इतर क्लब : भारत एफसी (कल्याणी समूह) २०१४–१५ चा एकच हंगाम खेळला. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजियन्स क्लबचा विस्तार असलेला डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये बाहेर पडला.

म्हणजे २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत पुण्याने देशपातळीवरचे चार क्लब गमावले. कोलकात्यात ईस्ट बंगालने आलेल्या माणसाला शंभर वर्षे सोबत केली. पुण्यात आलेल्याने एखादी जर्सी घेतली, मुलाला घोषणा शिकवल्या, की क्लब संपलेला असे. निष्ठा विभागली जाण्यासाठी दुसरीकडेही काहीतरी उभे असावे लागते. पुण्याच्या स्थलांतरितांवर ‘यांचे मन गावाकडेच’ असा ठपका ठेवणाऱ्यांनी ही चार नावे आधी वाचावीत.

विश्वचषक : केरळ आणि बंगालमधील ब्राझील–अर्जेंटिना फाळणी स्थलांतरितांसोबत पुण्यात आली. २०२२ मध्ये कोझिकोड जिल्ह्यातील पुल्लावूर येथे नदीत मेस्सी, नेमार व रोनाल्डो यांचे उंच कटआउट उभारले गेले आणि जगभर त्यांची छायाचित्रे पोहोचली. येथे निष्ठा परदेशी संघावर असली, तरी बाजू घराण्यातून येते. बाप ब्राझीलचा म्हणून मुलगा ब्राझीलचा, किंवा नेमके त्यासाठीच अर्जेंटिनाचा. भारत विश्वचषकात नसल्याने या निष्ठेची राष्ट्रीय संघाशी टक्कर होत नाही.

वाघोली : हवेली तालुक्यातील, पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील जुने गाव; पेशवाईतील सरदार पिलाजी जाधवराव यांच्याशी संबंधित. पुढे दगडखाणी, नंतर अभियांत्रिकी महाविद्यालये आणि खराडीच्या आयटी संकुलांमुळे गृहप्रकल्प वाढले. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत समावेश झाला. बंगाल, केरळ, ओडिशा, बिहार, ईशान्य भारत आणि मराठवाडा-विदर्भ येथून आलेली वस्ती. बालेवाडी शहराच्या पश्चिम टोकाला आणि वाघोली पूर्व टोकाला असल्याने क्लब होते तेव्हाही येथून संध्याकाळच्या सामन्याला जाऊन परतणे कष्टाचे होते. फुटबॉल येथे मुख्यतः भाड्याच्या टर्फवर आणि महाविद्यालयांच्या मैदानांवर खेळले जाते.

येथे वाढणाऱ्या मुलांपुढे प्रश्न वेगळ्या रूपात येईल. राज्यांच्या संतोष करंडकासाठी वाघोलीतील मल्याळी किंवा बंगाली घरातला चांगला खेळाडू महाराष्ट्राकडून उतरेल. केरळने २०२२ मध्ये मंजेरी येथे बंगालला पेनल्टींवर हरवून करंडक जिंकला, तर ३१ डिसेंबर २०२४ रोजी हैदराबादला बंगालने केरळला १–० ने हरवले. महाराष्ट्राचे शेवटचे विजेतेपद १९९९–२००० चे, केरळविरुद्ध.