जुनी एस्टीम, पाव मैल आणि मोबाईल : ड्रॅग रेसिंग म्हणजे नेमकं काय?

रील्सवर तुम्ही हे नक्की पाहिलं असेल. दोन गाड्या शेजारी उभ्या, दिवा हिरवा होतो, टायरमधून धूर निघतो आणि दहा-पंधरा सेकंदात खेळ खल्लास. खाली कमेंट असते, "भाऊ, माझ्या गाडीला पण असं करता येईल का?"

मी मंगरूळपीरचा. आमच्या घरी २००१ सालची मारुती एस्टीम आहे. बाबांनी ती सेकंडहँड घेतली होती, आता ती माझ्याकडे आहे. गेली काही वर्षं मी तिच्यावर जे शिकलो, जे चुकलो आणि एकदा जे थोडक्यात वाचलो, ते सगळं या लेखात एका जागी देतोय. चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

ड्रॅग रेस म्हणजे काय?

सरळ रस्ता, उभ्या गाडीपासून सुरुवात आणि ठरलेलं अंतर. जो आधी पोचला तो जिंकला. हे अंतर बहुतेक वेळा पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर असतं. वळण नाही, लॅप नाही.

आपल्या विदर्भातल्या माणसाला हे समजवायला शंकरपटाचं उदाहरण पुरे. तळेगाव दशासरचा पट तुम्ही ऐकून असाल. बैलजोडी सरळ पळते आणि निकाल सेकंदाच्या हिश्श्यावर लागतो. ड्रॅग रेस म्हणजे इंजिनाचा शंकरपट समजा. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. पटासाठी वेगळी जागा आखलेली असते आणि प्रशासनाची परवानगी लागते. कोणी भर बाजारात जोडी सोडत नाही. हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर पोरं रस्त्यावर अशा शर्यती लावायची आणि मरायची. हा खेळ रस्त्यावरून उचलून नियमात बसवायला वॅली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढली. म्हणजे हा खेळ संघटित झाला तोच रस्त्यावरची शर्यत थांबावी म्हणून.

वेळ कशी मोजतात?

सुरुवातीच्या रेषेवर प्रकाशकिरणांचे सेन्सर असतात. पुढचं चाक किरणात आलं की गाडी 'स्टेज' झाली. मग समोरच्या खांबावरचे पिवळे दिवे लागतात आणि शेवटी हिरवा. इथे चार आकडे महत्त्वाचे :

- रिअ‍ॅक्शन टाइम : हिरवा दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ. हा ड्रायव्हरचा आकडा.
- ईटी, म्हणजे एकूण वेळ : चाक किरणातून बाहेर पडल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत. हा गाडीचा आकडा.
- साठ फुटांचा वेळ : पहिल्या १८ मीटरला किती लागले. क्लच कसा सोडला आणि टायरने रस्ता धरला का, ते इथे कळतं.
- ट्रॅप स्पीड : शेवटच्या रेषेजवळचा वेग. इंजिनात दम किती आहे, ते यावरून कळतं.

गंमत म्हणजे गाडी कमी वेळात पळूनही तुम्ही हरू शकता, कारण समोरचा आधी निघाला. दिव्याकडे लक्ष ठेवणं हे पण कौशल्यच.

एस्टीमच का?

एस्टीम १९९४ मध्ये आली. ती मारुती १००० चीच मोठ्या इंजिनाची बहीण. इंजिन १२९८ सीसीचं. सीसी म्हणजे काय ते करून बघा : सिलिंडरचा व्यास ७.४ सेंमी, पिस्टनची धाव ७.५५ सेंमी, सिलिंडर चार. वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले धाव गुणिले चार. उत्तर १२९८ च्या आसपास येतं.

सुरुवातीच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ६५ अश्वशक्ती होती. १९९९ नंतरच्या १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय गाडीत ८५. आजच्या हिशोबाने हे फार नाही. पण गाडीचं वजन नऊशे किलोच्या आतबाहेर, त्यामुळे हलकी आणि चपळ. याच घराण्याचं इंजिन जिप्सी किंगमध्ये आहे, त्यामुळे ते ओळखणारे मिस्त्री सापडतात. रॅलीवाल्यांची ती वर्षानुवर्षं लाडकी राहिली ती यामुळेच.

आता एक ढोबळ हिशोब. गाडी आणि ड्रायव्हरचं वजन किलोत घ्या, त्याला अश्वशक्तीने भागा, उत्तराचं घनमूळ काढा आणि ७.६ ने गुणा. पाव मैलाचा अंदाजे वेळ मिळतो, तोही गाडी तंदुरुस्त असेल तर.

- मूळ एस्टीम : ९४५ किलो, ८५ अश्वशक्ती. साधारण १७ सेकंद.
- ५० किलो कमी केले : साधारण १६.७ सेकंद.
- वजन तेच, १० अश्वशक्ती वाढवली : साधारण १६.३ सेकंद.

पाहिलंत? एवढा खर्च आणि खटाटोप करून सेकंदाचाही फरक नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या इंजिनात मूळची सगळी अश्वशक्ती उरलेली नसते, ती परत मिळवणं हेच पहिलं मॉडिफिकेशन. आणखी एक म्हणजे हवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. १५ अंशांच्या थंड सकाळच्या तुलनेत ती हवा सुमारे ९ टक्के विरळ असते. हवा कमी म्हणजे ऑक्सिजन कमी, म्हणजे ताकद कमी. गाडी उन्हाळ्यात 'मरगळते' ती उगाच नाही.

मॉडिफिकेशनचा क्रम

माझ्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी एक वाक्य ऐकवलं होतं, "भाऊ, आधी गाडी थांबली पायजे, मंग पयाली पायजे." मी हसलो होतो. आज हाच क्रम तुम्हाला सांगतोय.

१. ब्रेक. पॅड, ड्रम, रबरी होज, ब्रेक ऑइल. माझ्या एस्टीमला एबीएस नाही. जोरात दाबला की चाक लॉक होतं आणि लॉक झालेल्या चाकाने गाडी वळत नाही.

२. टायर. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर दिसली तरी जुनं रबर दगडासारखं होतं.

३. इंजिनाची तब्येत. कॉम्प्रेशन टेस्ट, प्लग, टायमिंग बेल्ट, कूलंटचे पाइप, इंजिन माउंटिंग, क्लच प्लेट.

४. त्यानंतर ताकद. एअर फिल्टर, एक्झॉस्ट, कॅमशाफ्ट, ईसीयूचं ट्युनिंग आणि सगळ्यात शेवटी टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणं. मग पिस्टन, गॅस्केट, क्लच, गिअरबॉक्स सगळ्यांवरच ताण येतो. एक मजबूत केलं की दुसरं तुटतं.

एस्टीमची पुढची चाकं ओढतात. गाडी जोरात निघाली की वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि नुसती फिरतात. धूर रीलमध्ये भारी दिसतो, पण जितका धूर तितका वेळ वाया.

मोबाईलवर वेळ मोजता येतो का?

येतो, पण मर्यादा समजून घ्या. बहुतेक फोनचं जीपीएस सेकंदाला एकदा जागा नोंदवतं. ताशी १०० किमी वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. मग '०.१ सेकंदाने सुधारलो' या म्हणण्याला अर्थ काय? ड्रॅगसाठी वेगळी छोटी जीपीएस यंत्रं मिळतात, ती सेकंदाला १० किंवा जास्त वेळा नोंद घेतात आणि ब्लूटूथने फोनला जोडली जातात. रस्ता जरा उताराचा असला तरी आकडा फसवा येतो.

ओबीडी स्कॅनरचंही तसंच. भारतात ओबीडीची पहिली पायरी २०१० मध्ये आणि दुसरी २०१३ मध्ये बंधनकारक झाली. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना बाजारातला ब्लूटूथ स्कॅनर बोलतच नाही. माझे ते पैसे फुकट गेले.

आणि आता ती गोष्ट. तीन वर्षांपूर्वी नवीन टायमिंग अ‍ॅप टाकलं होतं. पहाटे साडेपाचला चुलतभावाला शेजारी बसवलं आणि शेलूबाजारच्या बाजूला निघालो. रस्ता रिकामा होता. तो फोन धरून आकडे वाचत होता, ऐंशी, नव्वद, पंच्याण्णव. आणि एकदम ओरडला, "दादा, रोही!"

तुरीच्या शेतातून रोही रस्त्यावर आला होता. मी ब्रेकवर उभाच राहिलो. चाकं लॉक झाली, स्टिअरिंग फिरवून उपयोग नव्हता. गाडी घसरत शोल्डरवरच्या मुरमात गेली आणि कडुनिंबापासून चार हातांवर थांबली. रोही निघून गेला. भाऊ सोळा वर्षांचा होता आणि बराच वेळ काही बोलला नाही. फोन सीटखाली पडला होता. उचलला तर अ‍ॅप अजून वेळ मोजतच होतं.

घरी येऊन मी हिशोब केला, जो निघायच्या आधी करायला हवा होता. ताशी १०० ला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तरी गाडी ४२ मीटर जाते. पुढे चांगल्या ब्रेकनेही सुमारे ५५ मीटर. एकूण ९७. ताशी १२० ला हाच आकडा १२९ मीटर होतो. डीपर लाइटमध्ये चाळीस-पन्नास मीटरपुढचं धड दिसत नाही. म्हणजे रोही, विनारिफ्लेक्टरची ट्रॉली किंवा शेतावर निघालेला माणूस दिसेपर्यंत निकाल लागलेला असतो.

समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो, म्हणून काही जण म्हणतात, "तिथं काय, मोकळाच असतो." तिथेही कारला मर्यादा ताशी १२० ची आहे आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमची शर्यत माहीत नसते. मोकळा रस्ता म्हणजे ट्रॅक नव्हे. ट्रॅकवर कुंपण असतं, पुढे थांबायला वेगळी लांबी असते, रुग्णवाहिका उभी असते. एवढं असूनही जून २००८ मध्ये अमेरिकेत स्कॉट कलिटा हा नावाजलेला ड्रायव्हर ट्रॅकवरच्या पात्रता फेरीत गेला आणि त्यानंतर सगळ्यात वेगवान गाड्यांचं अंतर पाव मैलावरून १००० फूट करण्यात आलं.

कायदा काय म्हणतो?

- सार्वजनिक रस्त्यावर शर्यत : मोटार वाहन कायद्याचं कलम १८९. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा पकडले गेलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड.
- मॉडिफिकेशन : कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. नाहीतर कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद.
- आवाज आणि धूर : कलम १९०(२). १०,००० रुपयांपर्यंत दंड, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं.
- चालवणारा १८ खालचा असेल तर : कलम १९९अ. पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.
- विमा : पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' हा भाग वाचा. शर्यत आणि वेगचाचणी त्यात वगळलेली असते.

जुन्या गाडीची कागदपत्रं

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची. नंतर फिटनेस तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या कारसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने हे शुल्क १०,००० रुपये केलं. भरण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर चालू दर बघा. 'व्हिंटेज'चा वेगळा नंबर हवा असेल तर गाडी ५० वर्षांवरची लागते, एस्टीमला अजून वेळ आहे.

सेकंडहँड घेताना नंबरही वाचा. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. त्यामुळे आपल्याकडच्या त्याआधीच्या गाड्यांवर एमएच ३० दिसतो, एमएच ३७ नंतरचा. आरसीची माहिती एमपरिवहन अ‍ॅपवर पडताळा आणि इंजिन नंबर, चासी नंबर गाडीवर प्रत्यक्ष जुळवा. इंजिन बदललेलं आणि नोंद नसलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

मग पळवायची कुठे?

भारतात मोटरस्पोर्टचं काम १९७१ मध्ये स्थापन झालेली एफएमएससीआय ही संस्था बघते. तिच्या मान्यतेच्या स्पर्धेत गाडीची तपासणी होते, हेल्मेट लागतं, स्पर्धेचं लायसन्स लागतं. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' या ड्रॅग रेस झाल्या आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला १९९० पासून रेस ट्रॅक आहे. मंगरूळपीरहून दोन्ही लांब, हे खरं. पण पट बघायलाही आपण लांब जातोच ना?

माझी एस्टीम अजून आहे. सगळ्यात जास्त पैसे ब्रेक आणि टायरवर गेलेत, इंजिन मूळचंच पण तंदुरुस्त आहे. भाऊ आता एकोणीसचा आहे, त्याने रीतसर लायसन्स काढलं. गाडी शिकवताना मी त्याला पहिल्या दिवशी वेग शिकवला नाही. रिकाम्या मैदानात नेलं, ताशी ४० ला ब्रेक दाबायला लावला, आणि किती अंतरात थांबली ते पावलांनी मोजायला लावलं.

तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. आणि हो, मोजणीसाठी फोन लागत नाही.